आपखुशीचा रॅम्प

आमच्या चर्चच्या दाराशी चांगल्या उंच, दगडी पायऱ्या आहेत. नगरपालिकेची नोटीस आली की चाकाच्या खुर्चीसाठी तिथे रॅम्प बांधा. उपासना संपल्यावर सगळे बसले, आणि आमचा सुतार उभा राहिला. माणूस देवभोळा, हात सोन्याचा; पण सरकारचं नाव काढलं की याच्या अंगावर काटा. बोलता बोलता दर वाक्याला ‘आपखुशीने’ म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला आपखुशीच म्हणत असू.

“वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या त्या चांगल्या शोमरोन्याला कुणी नोटीस धाडली होती का?” तो म्हणाला. “प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो, कुलूप तोडत नाही. सक्तीने करायची ती दया कसली? तो तर कर झाला.”

“म्हणजे रॅम्प नको?” पाळकांनी विचारलं.

“हवा ना. पण हुकमाने नको.”

“मग कसा?”

“मंडळीच्या मनात आपोआप येईल तेव्हा.”

आता मंडळीच्या मनात काय काय आपोआप येतं हे पाळकांइतकं कुणाला ठाऊक असणार.

उघड्या दारातून खालून हाक आली, “जावईबापू, ऐकता का?”

या त्याच्या सासूबाई. पडून खुबा मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत. आमचे पाळक उपदेश गाऊन सांगतात, आणि त्या गाण्यावर म्हातारीचा जीव. मीही त्या गाण्याचा वेडा, त्यामुळे बाहेर बसण्याचं तिचं दुःख मला कळायचं. त्या दिवशी लेकीने तिला पायऱ्यांशी आणून बसवलं होतं. अर्धा उपदेश तिने ऐकला, अर्धा वाऱ्याने नेला.

“रॅम्प होईल तेव्हा होवो,” ती म्हणाली. “तोवर तुमच्या खुशीने मला वर नेत चला की.”

सगळ्या मंडळीने आपखुशीकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? बोलून बसला होता.

पुढच्या रविवारपासून तो सासूला दोन्ही हातांवर उचलून वर आणू लागला. सासूबाई अंगाने भरलेल्या. “आज खुशी जरा कमी दिसते,” त्या मधल्या पायरीवर म्हणायच्या. “तुमचं मन नसेल तर राहू द्या हो. सक्ती नाही.” तो दात आवळून म्हणायचा, “मन आहे, आई.” घरी बायको त्याच्या कमरेला तेल चोळायची आणि हसू दाबायची.

शेवटी एका आठवड्यात त्याने स्वतःच्या लाकडाने, कुणाला न विचारता रॅम्प उभा केला. नियमापेक्षा वीतभर रुंद, चढही नियमापेक्षा कमी. “म्हणजे कुणी म्हणायला नको, नोटिशीमुळे केला,” तो मला म्हणाला.

नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन आला. मोजलं, खूश झाला. “नियमात बसतो.”

“मी बसवलेला नाही,” आपखुशी म्हणाला. “बसला असेल.”

“बसला ना? झालं तर. एका नोटिशीत काम करणारे कुठे भेटतात हो? बाकीच्यांना तुमचं उदाहरण देतो.”

आपखुशीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

रविवारी सासूबाई आल्या. रॅम्पच्या कडेवरून हात फिरवला. “सुरेख केलात. यावरूनच जायची सक्ती आहे का?”

तो घुटमळला. पण माणूस तत्त्वाचा. “नाही, आई.”

“मग उचला. इतके दिवस खुशीने उचललंत, लाकूड ठोकल्यावर खुशी संपली का?”

त्याने उचललं. शेजारून त्याची बायको रिकामी खुर्ची एका हाताने ढकलत रॅम्पवरून सरसर वर गेली.

आत पाळकांनी सूर लावला होता. विषय होता प्रभूचं जू: सोयीचं, आणि ओझं हलकं. ते शब्द ते गोड आळवत होते. सासूबाई डोळे मिटून जावयाच्या गळ्यात तशाच राहिल्या, गाण्यात हरवलेल्या. खाली ठेवायला त्यानेही घाई केली नाही. कमर धरली होती, तरी तोही ऐकत होता.

कडवं संपलं. तिने एक डोळा उघडला. “पुढच्या रविवारी रॅम्पवरून येईन हं.”

“खरंच?” त्याचा आवाज उजळला.

“वाटलं तर,” सासूबाई म्हणाल्या.