सदर फाटक उघडण्याबाबत

विषय : पिपलानी वसाहतीच्या आनंद नगरकडील भिंतीतले लहान फाटक पुन्हा उघडणेबाबत.
संदर्भ : श्री. नीळकंठ देवपुजारी, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, यांचा अर्ज.

वरील विषयातलं लहान फाटक म्हणजे मी. या अर्जावर सुरक्षा विभागाचा शेरा झाला, बांधकाम विभागाचा झाला, माझा मात्र कोणी मागितला नाही. तो मी न मागता देतोय. सरकारी कारखान्याच्या वसाहतीच्या भिंतीत आयुष्य गेल्यामुळे भाषा थोडी कचेरीची झाली असेल, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपात झाला. उभ्या सळ्या, वर भाल्यासारखी टोकं आणि एक कडी, एवढाच माझा देह. टोकं चोरांसाठी होती. प्रत्यक्षात त्यांवर छत्र्या, स्वेटर आणि भाजीच्या पिशव्याच अडकल्या. माणूस नीट जाईल आणि स्कूटर अडकेल एवढीच रुंदी मला मुद्दाम दिलेली. तरी वसाहतीत नव्यानं आलेल्या प्रत्येक इंजिनिअरनं एकदा स्कूटर घालून पाहिलीच. मापं दुसऱ्यांसाठी असतात, अशी त्या मंडळींची समजूत असते.

माझ्या अलीकडे क्वार्टरं, पलीकडे आनंद नगर. नीळकंठराव नागपूरहून नोकरीसाठी आले, लग्नानंतर लीलाबाई आल्या. शेजारच्या क्वार्टरात विश्वासराव आणि कमलिनीबाई. दोन्ही नवरे एकाच कचेरीत, दोन्ही बायका एकाच परसात. विश्वासरावांनी फंडाच्या पैशांत आनंद नगरात घर बांधलं आणि ते बिऱ्हाड माझ्या पलीकडे गेलं. लीलाबाई हिरमुसल्या, तर कमलिनीबाई म्हणाल्या, "अगं लीले, दोघींच्या मध्ये एक फाटक तर आहे! तेही उघडंच."

तेव्हापासून दोघींमध्ये एक डबा फिरू लागला. डबा रिकामा परत करायचा नाही, हा आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीत आहेच. तो कोणत्याही सर्क्युलरमध्ये नाही, म्हणूनच बहुधा पाळला जातो. लीलाबाईंनी भरून दिला की कमलिनीबाईंनी भरून परत करायचा. सुरुवात कोणी केली ते दोघींनाही आठवत नव्हतं आणि थांबवायचा अधिकार दोघींनाही नव्हता.

माझ्या उघडेपणाचा मला अभिमान वाटावा असा एकच दिवस सांगतो. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात जुन्या शहरावर विषारी वायू पसरला, आणि उजाडताना डोळे चोळत, खोकत, मुलांना खांद्यावर टाकून माणसं इकडे आली. माझ्यातून ती आत येत होती. कोण, कुठले, कोणाकडे, कोणी विचारलं नाही. लीलाबाई आणि कमलिनीबाई माझ्या पायथ्याशी पातेलं मांडून चहा आणि पाणी देत बसल्या. या शहराला सर्वांत मोठी जखम झाली ती बाहेरून कोणी शस्त्र घेऊन आल्यामुळे नव्हे. हे मी कोणाला शिकवायला सांगत नाही. मी तिथे उभा होतो, म्हणून सांगतो.

मग दोन हजार आठचा नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला झाला. नीळकंठरावांचा धाकटा भाऊ दत्तात्रय तिथे नोकरीला. त्याचा फोन लागेना. नीळकंठराव टीव्हीसमोरून उठले नाहीत, जेवले नाहीत. भाऊ सुखरूप असल्याचं कळलं तेव्हा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला, असं लीलाबाईंनी मला टेकून कमलिनीबाईंना सांगितलं. त्यामुळे पुढे नीळकंठरावांनी जे केलं त्याला मी हसत असलो, तरी त्या भीतीला हसत नाही.

त्यांनी वसाहतीत सुरक्षा समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि पहिला ठराव मांडला : आनंद नगरकडील फाटक बंद करावं. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण बायकांना बैठकीला बोलावलं नव्हतं. वेल्डर आला आणि त्यानं माझी कडी चौकटीला जोडून टाकली. पहारेकरी रामसेवक शेजारी खुर्ची टाकून बसला. जे उघडणारच नाही, त्याच्यावर पहारा सुरू झाला.

दर वर्षी समितीच्या सभेत नीळकंठराव विचारत, "आपलं शहर पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं की नाही?" आणि स्वतःच उत्तर देत, "फाटक बंद केल्यापासून इथे एकही घटना घडलेली नाही." टाळ्या पडत. फाटक उघडं असतानाही कधी काही घडलं नव्हतं, पण ते मिनिट्समध्ये नव्हतं. माझं विचाराल तर मला उत्तर येत नाही. कोण माझ्यातून आला हे फाटकाला ठाऊक असतं. जो आलाच नाही, तो कशामुळे आला नाही, हे कुठल्या फाटकानं सांगावं? एक फरक मात्र दिसला. पूर्वी अनोळखी माणूस आत शिरला की मटार सोलत बसलेली एखादी बाई विचारायची, "किसके यहाँ जाना है, भैया?" आणि त्याला त्या घरापर्यंत पोचवून यायची. आता त्या बायका तिथे बसत नाहीत. रामसेवक बसतो, आणि त्याला झोप फार.

विश्वासराव गेले. त्यांचा मुलगा सुभाष हैदराबादला. कमलिनीबाई एकट्या राहिल्या. लीलाबाईंचे गुडघे धरले, आणि मोठ्या गेटावरून, रायसेन रोडला वळसा घालून पलीकडे जायचं म्हणजे त्यांना गावाला निघाल्यासारखं झालं. पण डबा थांबला नाही. तो सळ्यांतून जात नसे, म्हणून लीलाबाई सकाळी कापडी पिशवीत घालून माझ्या टोकाला पलीकडच्या बाजूनं अडकवत. कमलिनीबाई येऊन काढून घेत, जरा वेळ सळ्यांतून गप्पा होत.

"तुझे यजमान काय म्हणतात गं?" कमलिनीबाई विचारत.

"काय म्हणणार! देशाच्या सीमा बघतात. घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही."

एका सकाळी लीलाबाईंनी डबा अडकवला आणि कमलिनीबाई आल्या नाहीत. अंघोळीला गेली असेल, म्हणून लीलाबाई घरी गेल्या आणि कामात गुंतल्या. पिशवी तशीच लटकत राहिली. उन्हं कलताना नीळकंठराव समितीची फेरी मारत आले आणि जागीच थबकले.

"रामसेवक! ये क्या है?"

"डब्बा है, साब. रोज टँगता है."

"रोज?" नीळकंठरावांचा आवाज खाली आला. "रोज टँगता है, और तुमने बताया नहीं? अरे, इसी को रेकी कहते हैं!"

त्यांनी फोन लावला. पोलिसांचं पथक आलं, कुत्रा आला. कुत्र्यानं पिशवी हुंगली आणि खाली बसून जोरजोरात शेपूट हलवू लागला. कुत्रा बसला म्हणजे आत स्फोटक, असं समजून गर्दी मागे सरकली. नीळकंठराव मागे सरकले नाहीत. दोन्ही हात पसरून ते लोकांच्या पुढे उभे राहिले, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. जाड अंगरख्यातल्या जवानानं सावकाश झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, मग डबा वर धरून खालचं कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं आणि इथल्या खास बोलीत हाक दिली.

"सौ. लीलावती नीलकंठ देवपुजारी... मामा की ओर से सप्रेम भेट. को खाँ, ये नीलकंठ कौन हैं?"

पसरलेले दोन्ही हात हळूहळू खाली आले. मग नीळकंठराव म्हणाले, "मैं."

"तो मियाँ, आपके घर का डब्बा है. अंदर कुछ मीठा है, घी का. हमारा शेरू इसीलिए बैठ गया."

तेवढ्यात कोणीतरी सांगितल्यावरून लीलाबाई लंगडत आल्या. साटोऱ्या पोलिसांच्या हातात, कुत्रा तोंड वर करून, नवरा मान खाली घालून.

"अहो! जन्मभर याच डब्यातून जेवलात, आणि ओळखला नाहीत?"

"अगं, मी आत काय आहे ते बघायचो. खाली काय लिहिलंय ते कशाला बघू?"

लोक हसले. लीलाबाई हसल्या नाहीत. त्या डब्याकडे पाहत होत्या.

"डबा कोणी ठेवला, याची एवढी चौकशी केलीत," त्या म्हणाल्या, "तो कोणी उचलला का नाही, हे विचारलंत का कोणी? कमल सकाळपासून आलेली नाही."

नीळकंठरावांचा चेहरा पांढरा झाला. ते स्कूटरकडे धावले. माझ्यातून त्यांना पलीकडे जाता येत नव्हतं. मला त्यांनीच बंद करवलं होतं. त्यांना वळसा घालावा लागला. लीलाबाई सळ्या घट्ट धरून उभ्या राहिल्या.

कमलिनीबाई स्वयंपाकघरात जमिनीवर सापडल्या. सकाळी पाय घसरला होता, घोटा सुजला होता, उठता येत नव्हतं. हाका मारून आवाज बसला होता. तेव्हा त्या डब्याबद्दल नीळकंठराव अगदीच चुकले होते असं नाही. तो लटकत राहिला, म्हणजे कुठेतरी धोका होताच. फक्त तो डब्यात नव्हता.

घोटा बरा होत आला. पण दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात 'पिपलानी में संदिग्ध डिब्बा' असं छापून आलं होतं, ते सुभाषनं हैदराबादला मोबाइलवर वाचलं. त्याचा फोन आला तेव्हा कमलिनीबाई माझ्यापाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता, कारण त्यांना तो दुसऱ्या कशावर लावता येत नाही.

"आई, बस झालं. तिकडे बॉम्ब सापडायला लागलेत."

"अरे, साटोऱ्या होत्या त्या!"

"ते जाऊ दे. तू दिवसभर पडून होतीस, कोणाला पत्ता नाही. इकडे चल."

"तुझ्या हैदराबादला तर खरे फुटलेत."

"ते जुनं झालं, आई. आता हे शहर पूर्वीपेक्षा सेफ आहे."

"तिथे मला सेफ कोण ठेवणार? तू सकाळी जातोस, सूनबाई जाते. इथे निदान माझा डबा राहिला तर पोलीस येतात."

सुभाष वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, "ते फाटक उघडलं आणि लीलामावशी रोज घरात येऊ शकली, तर राहा. नाही उघडलं तर मी येऊन घेऊन जाणार. कबूल?"

"निर्णय होईपर्यंत तरी?"

"निर्णय होईपर्यंत राहा."

घर सुटलं असतं, तर कमलिनीबाईंचं सगळंच गेलं असतं. तुळस, विश्वासरावांची खुर्ची, आणि माझ्या या बाजूची लीला. नीळकंठरावांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. स्वतःच्याच ठरावाविरुद्ध, स्वतःच्याच सुंदर अक्षरात. तो घेऊन ते सुरक्षा कचेरीत गेले आणि संध्याकाळी माझ्यापाशी आले तेव्हा थकलेले दिसले. एका बाजूला लीलाबाई, दुसऱ्या बाजूला कमलिनीबाई.

"वहिनी, ओळखीचा माणूस होता म्हणून त्यानं खरं सांगितलं. त्या डब्याच्या प्रकरणानंतर हे फाटक संवेदनशील ठरलंय. आपण उत्तराचा आग्रह धरला, तर उत्तर 'नाही' येणार. वर इथे विटांची भिंत घालतील. माझ्यामुळे झालं हे सगळं."

लीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कमलिनीबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "भावजी, उत्तराचा आग्रह धरलाय कोणी?"

"म्हणजे?"

"सुभाष काय म्हणाला? निर्णय होईपर्यंत राहा. मी कारकुनाची बायको आहे. हे सांगायचे, कागद फिरत असेपर्यंत कोणाचं काही बिघडत नाही."

नीळकंठराव कितीतरी वेळ माझ्या सळीवर बोट फिरवत राहिले. हा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच्या टेबलावर एकही कागद शिल्लक नव्हता, आणि निरोप समारंभात साहेबांनी तेवढीच एक स्तुती केली होती. त्याला दुसरी मिळण्यासारखी नव्हतीच.

"फाटक आत उघडावं की बाहेर," अखेर ते हळूच म्हणाले, "हे अर्जात लिहायचं राहिलं. पुरवणी द्यावी लागेल. मग त्यावर बांधकामाचा अभिप्राय."

"आणि मग?" लीलाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"बांधकामाचा आला की कल्याण विभागाचा मागवायला सांगू. ते कधीच देत नाहीत. फार चांगली माणसं आहेत."

तेव्हापासून ते दर महिन्याला कचेरीत जाऊन एक नवी शंका नम्रपणे उपस्थित करून येतात. दुपारी लीलाबाईंना स्कूटरवर मागे बसवून वळसा घालून पलीकडे नेतात आणि दोघींच्या गप्पा संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसतात. स्कूटर रुसली तर दोघी माझ्या दोन बाजूंना येतात. समितीच्या सभेत, शहर पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं का, असं आता दुसरं कोणीतरी विचारतं. नीळकंठराव टाळी वाजवत नाहीत. कमलिनीबाईंचं दार ते सकाळी एकदा वाजवून येतात.

मी गंजलोय. वेल्डिंगच्या जागी पोपडे आलेत, रंग कुठला होता हे सांगूनही पटणार नाही. उघडायची इच्छा कोणत्या फाटकाला नसते? एखादं पोर मला धरून झुलावं, कोणी घाईत मला लोटून जावं, हे मलाही हवंय. पण कोणी वरिष्ठ हे वाचत असतील, तर माझी हात जोडून विनंती आहे. 'हो' म्हणता येत असेल तर आजच म्हणा. येत नसेल, तर कृपा करून घाई करू नका.

माझ्या पायाशी कडुनिंबाचं एक मूळ वर आलेलं आहे. फाटक उघडताना त्याला इजा पोचेल किंवा कसे, यावर अभिप्राय देण्यासाठी सदर अर्ज सध्या उद्यान विभागाकडे आहे. निर्णय प्रलंबित आहे.