डांबरगोळ्यांचा आकडा

आर्वीच्या कॉलेजात नंदिनीची बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मागच्या वर्षी ती रसायनशास्त्राच्या याच प्रयोगात आपटली होती. यंदाही नापास झाली, तर तळेगावहून येणं आणि शिकणं दोन्ही कायमचं बंद, असं घरी ठरलं होतं.

प्रयोग तसा सरळ. नॅफ्थलीन वितळवायचं आणि ते किती अंशाला गोठतं ते बघायचं. मग त्यात परीक्षकांनी दिलेली अनोळखी पूड टाकून, आता किती खाली गोठतं ते बघायचं. त्या फरकावरून पुडीचा रेणुभार निघतो. पण पहिला भाग कोणी करतच नसे. नॅफ्थलीन ऐंशी पूर्णांक दोन अंशांना गोठतं हे पुस्तकात छापलेलं असताना घाम कोण गाळणार!

आठ दिवसांपूर्वी प्रयोगशाळेचे शिपाई लहानूमामा मात्र म्हणाले होते, "औंदा बाटलीतलं नॅफ्थलीन संपलं, बाई. म्या बजारातून डांबरगोळ्या आणून कुटल्या. पुस्तकातला आकडा पुस्तकातल्या मालाचा. आपल्या मालाचा आपून काढाचा." त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण शिपायाचं ऐकतो कोण?

नंदिनीने ऐकलं. बाजारातल्या भेसळीच्या गोळ्या एकोणऐंशीलाच गोठल्या. पूड टाकल्यावर चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ. गणित करून उत्तर आलं एकशे अडुसष्ट. शेजारी डोकावली तर सगळ्यांचं एकशे तीस! तिने खोडरबर हातात घेतलं. लहानूमामांकडे पाहिलं, परीक्षेत त्यांना बोलायची बंदी, ते मान खाली घालून ओटा पुसत होते. एवढ्या जणांचं खोटं आणि एका शिपायाचं खरं? तिने खोडरबर ठेवून दिलं.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी तिची वही उचलली. "तुमचंच वेगळं कसं?"

"लहानूमामांनी सांगितलं होतं, सर. आठ दिवसांआधी. आपल्या मालाचा आकडा आपण काढायचा." नाव तिने ठणठणीत घेतलं.

परीक्षकांनी अनोळखी पुडीच्या बाटलीवरची झाकलेली चिठ्ठी उघडली. खरा रेणुभार एकशे एकोणसत्तर; नंदिनीचा आकडा एकानेच चुकला होता.

लहानूमामा घाबरून म्हणाले, "साहेब, मी चवथी पास. मले काय समजते?"

"बाकीच्यांना अर्धा तास वाढवून देतो," परीक्षक म्हणाले. "काय करायचं ते तुम्हीच सांगा त्यांना."

बावीस वर्षं त्या खोलीत फक्त काचा पुसत आलेला माणूस फळ्यापाशी उभा राहिला. नंदिनीचं काम झालं होतं, तरी ती पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि वहीचं कोरं पान उघडलं.