कौशल्याबाईंनी पकडलेली लबाडी

स्वाइन फ्लूचं साल होतं. बडोद्यात जो तो तोंडाला फडकं बांधून हिंडत होता, आणि कौशल्याबाईंचा तर कोणावरच भरवसा उरला नव्हता. त्यांचा नातू यशराज मकरपुऱ्याच्या कारखान्यातून ताप-खोकला घेऊन आला, तपासणीत तोच फ्लू निघाला. पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळत होता तो वेगळाच. लॅबवाला रमाकांत रोज घरी येऊन यशराजचं रक्त काढायचा, आणि रोज रिपोर्टात पांढऱ्या पेशी कालच्यापेक्षा कमी.

"विहिरीचा रोज उपसा केला तर पाणी वर येईल का खाली जाईल?" त्या सुनेला, कांचनला विचारायच्या.

डॉक्टर आभानं परोपरीनं सांगून पाहिलं, की हा व्हायरसच पेशी कमी करतो, चमचाभर रक्तानं काही बिघडत नाही. पण आभा पडली कारभाऱ्यांच्या घरातली. संस्थानच्या काळात तिचे पणजोबा सरकारी हिशेब ठेवायचे, आणि कौशल्याबाईंचे सासरे घोडदळात. आकडे वरखाली करावेत ते कारभाऱ्यांनीच, ही शिपाईगड्यांच्या घरातली जुनी समजूत. सासऱ्यांचं म्हणे बादलीभर रक्त सांडलं, तरी घोड्यावरून उतरून आधी पंगतीला बसले, पुरणपोळ्या संपवल्या आणि मग जखम बांधली. त्यांच्या पणतवाचं रक्त असं आटेल?

बाईंनी ठरवलं, लबाडी पकडायची. पकडली की डॉक्टरचं औषध बंद, पोराला थेट सावली गावच्या वैद्याकडे न्यायचं. कांचन रडकुंडीला आली. यशराजला जिना चढताना धाप लागत होती, आणि औषध एक वेळही चुकवायचं नाही असं आभानं बजावलं होतं.

सकाळी रमाकांत आला, तर बाईंनी स्वतःचाच हात पुढे केला.

"बा, तमने शुं थयुं?" तुम्हाला काय झालं, असं तो गुजरातीत विचारू लागला.

"काही थयुं नथी. म्हणूनच घे."

संध्याकाळी रिपोर्ट आला. बाईंच्याही पेशी कमी. त्यांना आनंद मावेना. कांचनला ओढून रिक्षात घातलं आणि सुभानपुऱ्याच्या दवाखान्यात आभाच्या टेबलावर कागद आपटला.

"मी ठणठणीत. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. माझ्या पेशी कमी कशा? तुझ्या लॅबचं मशीनच चोर आहे." आणि बोलता बोलता त्या खोकल्या.

आभानं त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवलं आणि कांचनकडे पाहिलं. कांचननं सगळं सांगून टाकलं. सासूबाई फडकं बांधत नाहीत, रोज दिवेलागणीला यशराजचं तोंड कुरवाळून कानशिलावर बोटं मोडतात, वर त्याच्या ताटात उरलेलंही संपवतात. नातवाचं उष्टं कसलं, म्हणतात.

"आजी, हा खोकला कधीपासून?"

"रिक्षाच्या धुराचा आहे."

ताप एकशे दोन होता.

"तुम्हालाही तोच फ्लू दिसतोय," आभा हसली. "आणि आजी, मला लबाडीच करायची असती तर तुमचा आकडा भरघोस लिहून घेतला असता. कमी लिहून तुमच्याशी भांडण कोण ओढवून घेईल?"

बाईंनी टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी घातली. कारभारी गिऱ्हाईक खूश करायलाच खोटं लिहितो, हे तर त्या जन्मभर सांगत आल्या होत्या.

वैद्याकडे जाणं राहूनच गेलं. यशराजशेजारी दुसरी खाट पडली, कॅप्सूल दोघांना. आपली त्यांनी वास घेऊन गिळली, मग नातवाकडे वळल्या.

"आ कर," त्या म्हणाल्या. "जीभ वर कर, बघू. गालात ठेवली असशील."