चौथा शह

धाकटीने हत्ती उचलला, दोन घरं पुढे ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की आधी घोडा हलवायचा होता.

बावीस मिनिटं घालवून ठरवलेला बेत होता तो. घोड्याने दादाच्या उंटाची वाट अडवायची आणि मगच हत्ती पुढे न्यायचा. मनातल्या मनात घोडा इतक्या वेळा हलवून झाला होता, की तो पटावरही हललाय असं तिने धरून चाललं. घोडचूक म्हणतात ती हीच, आणि इथे तर खुद्द घोडाच राहून गेला होता. उंटाची वाट सताड उघडी होती आणि तिच्या टोकाला धाकटीचा हत्ती फुकटात उभा होता.

समोर सख्खा भाऊ होता आणि ही शेवटची फेरी होती. जगज्जेत्याशी खेळायची एकच जागा शिल्लक, ती आज या पटावर ठरणार होती. धाकटी अर्ध्या गुणाने पुढे, म्हणून तिला बरोबरी पुरत होती. दादाला मात्र जिंकणंच भाग होतं. तो एकेचाळीस वर्षांचा होता. पुन्हा इतक्या जवळ आपण येणार नाही, हे त्याने काल फोनवर आईला सांगितलं होतं आणि आईने, तिच्या स्वभावाप्रमाणे, लगेच धाकटीला.

धाकटीचा घसा कोरडा पडला. हात आपसूक बाटलीकडे गेला. दोन घोट पोटात गेल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो ते.

कारण ही खूण दादाला तोंडपाठ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानेच तिला खेळायला शिकवलं होतं. "चूक केलीस की तू पाणी पितेस, चिमे," असं तो एकदा बोलून गेला आणि पस्तावला. नऊ वर्षांची चिमी दुसऱ्या दिवसापासून सापळा लावला, की मुद्दाम घटाघटा पाणी पिऊ लागली. दादा भाबडेपणाने सोंगटी घ्यायचा आणि मात खायचा. महिनाभर त्याने असा सपाटून मार खाल्ला होता.

आता दादाने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग हत्तीकडे. त्याच्या घड्याळात एकतीस मिनिटं होती. त्याने कोपरं टेबलावर रोवली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. धाकटीची भीती तशीच होती, पण आता तिच्या शेजारी कुतूहल येऊन बसलं होतं. हा शोधतोय तरी काय? ती त्याच्या बाजूने मोजू लागली. उंटाने हत्ती घेतला, तर त्याच्या राजाजवळची राखण जाते. मग वजिराचा शह, घोड्याचा शह, पुन्हा वजिराचा. तीन शह, आणि राजा मोकळा. चौथा असता तर मात होती. तीही चौथा शोधू लागली. आपल्याच चुकीत काहीतरी दडलं असेल, या आशेने तिने सगळी घरं धुंडाळली. काहीसुद्धा नव्हतं.

सव्वीस मिनिटांनी दादाने उंट मागे घेतला. धाकटीने घोडा हलवला. पुढे थोड्या वेळाने दोघांनी हात मिळवले. डाव बरोबरीत सुटला आणि जागा तिची झाली.

दादाने तिचं अभिनंदन केलं, मनापासून केलं. आणि लगेच सोंगट्या त्या हत्तीच्या खेळीच्या वेळी होत्या तशा मांडायला घेतल्या.

"दाखव आता. चौथा शह कुठून होता?"

धाकटीला वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. त्याचं मन राहील. पण पट समोर होता, आणि पटावर तिने त्याला फसवलं होतं ते फक्त लहानपणी.

"नव्हता, दादा. माझा घोडा हलवायचा राहिला."

"थांब, असेल काहीतरी." तो वजीर इकडून तिकडे नेत राहिला. "तू पाणी प्यायलीस की."

"घसा कोरडा पडला होता."

त्याचा हात थांबला. "म्हणजे खरंच?"

"खरंच."

दादाने तो हत्ती उचलला आणि पुन्हा त्याच घरात ठेवला. धाकटीला रडू येत होतं आणि ते कशाचं, हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. मग त्याने हात लांब करून तिची बाटली घेतली, टोपण काढलं आणि उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.