दगडी बाईची ओटी

आगाऊपणा माझाच. आई लहानपणापासून सांगते, "यामिनी, नको तिथे नाक खुपसू नकोस." ऐकेल ती मी कसली!

मॉन्ट्रियलजवळच्या एका तीर्थक्षेत्राच्या चर्चमध्ये मी पार्ट-टाइम क्लीनिंग करायचे. माणसं वर नवस बोलायला, मेणबत्त्या लावायला यायची. खाली बेसमेंटमध्ये, वॉशरूमशेजारी, माझ्या मॉपच्या बादलीमागे भिंतीत एक दगडी बाई बसवलेली होती. आठशे वर्षांपूर्वीची, म्हणे. कुणा पाद्र्याने फ्रान्समधल्या पडक्या चर्चमधून आणली. बोटीत तिच्या मांडीवरचं बाळ तुटलं आणि समुद्रात गेलं. हात मात्र तसेच राहिले, गोल आणि रिकामे. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

मला सातवा लागला होता. जुळं. डावीकडचं गुंड, सारखं लाथा मारायचं. उजवीकडचं शांत, जेवणानंतर एकदा हळूच सरकायचं. सुट्टीवर जायच्या दिवशी मला त्या बाईची फार दया आली. "अगं, लेकुरवाळी ना तू? अशी रिकामी कशी बसतेस?" असं म्हणून मी तिची ओटीच भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, सगळं तिच्या हातांत ठेवलं. कुंकूही लावलं आणि मोठ्या ऐटीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई आधी हसली, मग एकदम थांबली.

"त्यातले चार दाणे परत घेतलेस ना?"

"ते कशाला?"

"अगं बये! देवीची ओटी भरली तरी चार दाणे आपल्या पदरात परत घ्यायचे असतात. सगळंच देऊन यायचं नसतं. त्यातून तू अशी..."

मी पोटावर हात ठेवला. रात्रीपासून दोघंही हलली नव्हती. मला वाटलं होतं, झोपलीत.

निहारने, माझ्या नवऱ्याने, हॉस्पिटलला जायला गाडी काढली. "चर्च वाटेतच आहे, पाच मिनिटं थांब," मी म्हटलं. तो ओरडला. मीही ओरडले. थांबला बिचारा.

खाली ओटी नव्हती. दाणा नाही, खोबरं नाही, कुंकूसुद्धा नाही. काल त्या हातांत अख्खी वाटी बसली होती, आज माझी मूठ जाईना. मी गुडघ्यांवर बसले.

"बाई, चुकले गं. ओटी तुझी, पण लेकरं माझी. माझी मला दे."

बोटं आत घातली. दगड कोमट होता.

बोटाला एक दाणा चिकटून आला. त्याच क्षणी डावीकडून लाथ बसली. मी हसले, रडले, आणि घाईघाईने परत बोटं घातली. आत नुसता दगड.

हॉस्पिटलमध्ये एकाच हृदयाचे ठोके ऐकू आले. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मोठं फ्रेंच नाव आहे त्याला. असेल.

गुंडी आता दीड वर्षाची आहे. दर रविवारी तिला निहारकडे सोपवून मी त्या बाईकडे जाते. ओटी नेत नाही. नुसता पदर पसरते. साडी कुठली इथे, जॅकेटच पसरते.

बाईचे हात आता गोल नाहीत. उजवा जरासा वर आहे, तान्ह्याच्या डोक्याखाली धरतात तसा. खरं तर मी भांडायलाच जाते. शिव्यासुद्धा ठरवून जाते. पण तिथे पोचले की आवाज आपोआप खाली येतो. बाळ झोपलेलं असेल.