टेकूवाली खोली

"काका, खरं सांगा, तुम्ही आमच्या जागी असता तर हे घर घेतलं असतंत का?"

प्रश्न माझा नाही. म्हणजे विचारला मीच, पण दिला होता सपनाने. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी वर्गात सांगितलं की रविवारी बोरिवलीला घर बघायला जातोय आणि मला स्वतःची खोली मिळणार आहे. तेजल म्हणाली, "मग त्या घरमालकाला कोणी कधीच विचारत नाही असा एक प्रश्न विचारून दाखव." सपनाने तो तिथल्या तिथे तयार केला. विचारला नाही तर दोघींचे भूगोलाचे सगळे नकाशे मी काढायचे, अशी पैज.

जूनमधली कल्पिता असती तर तिने मुकाट्याने नकाशे काढले असते. पण ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. समोर चारशे मुलं होती आणि मी एकदाही अडखळले नाही. तेव्हापासून हिच्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही, असं आई म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणत नाही.

तर रविवारी त्या घराच्या हॉलमध्ये प्रश्न सुटला. घरमालक हर्षदकाका चहाचा कप हातात धरून तसेच बसले. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला आणि मालवणीत पुटपुटली, "गप रव मगे." घरं दाखवणारे एजंट निमेशभाई मोठ्याने हसले. "बेबी लय हुशार हां, हरेश्वरभाऊ. वकील करा हिला."

हरेश्वर म्हणजे माझे बाबा. ते कसंनुसं हसले.

"हे घर मी घेतलेलं नाही गं," हर्षदकाका म्हणाले. "माझ्या वडिलांनी घेतलं. एकोणीसशे अठ्ठावन्नला. तेव्हा इथून खाडीपर्यंत नुसती भातशेती होती."

स्पर्धेत याला मुद्द्याला बगल देणं म्हणतात. गुण कापतात. पण मी सोडून दिलं, कारण खरं सांगायचं तर मला ते घर भयंकर आवडलं होतं.

आम्ही राहतो दहिसरला, चाळीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. आई ब्लाउज शिवते. तिचं मशीन खिडकीशी आणि माझं पुस्तक मशीनच्या टोकाशी. ती टीप मारते तेव्हा माझी अक्षरं हलतात. नववीभर मी एकच गोष्ट मागितली, दार लावता येईल अशी जागा. बाबा म्हणायचे, बघू. या गणपतीनंतर मात्र ते म्हणाले, "बघितलीय."

सोसायटीचं नाव प्रभातकिरण. बारा एकमजली इमारती, प्रत्येकीत चार घरं, मधे चिकूची झाडं. जिन्याला सिमेंटची नक्षीदार जाळी, तिच्यातून ऊन पायऱ्यांवर सांडतं. गच्चीएवढी बाल्कनी. तळमजल्याच्या या घरात लाल-हिरव्या खड्यांची लादी, एवढी गार की मी चप्पल काढल्यावर परत पाय उचललेच नाहीत. नव्या टॉवरमध्ये बाबांच्या पगारात आम्हाला दाराबाहेरची चपलांची जागा परवडली असती. जुनं म्हणून हे जमत होतं.

आत येण्याआधी आम्ही सगळा परिसर तपासला होता. बाबांनी स्टेशनपासून घड्याळ लावलं, बारा मिनिटं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, पावसात पाणी कुठवर येतं. त्याने स्वतःच्या पोटरीला हात लावून दाखवलं. बाबांनी ते कागदावर लिहिलं. आईची तपासणी वेगळी. ती कुठल्याही नव्या जागी गेली की मासळीवाली शोधते. गेटपाशी पुतळाबाई बसलेल्या, पाटीत बोंबील आणि मांदेली.

"माणसं कशी आहेत इथली?" आईने विचारलं.

"माणसं चांगली," पुतळाबाई म्हणाल्या. "पण पावसाच्या आधी सुकट कोणी भरून ठेवत नाही. जवळा नाय, सोडे नाय, काय नाय. आता जायचंच आहे म्हणतात. माझी पोर लग्न होऊन गेली, तिची पोर शाळेत जायला लागली, ही अजून जातायत."

आई हसली आणि मांदेली घेतली. आमच्याकडे मे महिन्यात सुकी मासळी भरली नाही तर घरात कोणीतरी वारलंय असं शेजारी समजतील. तरी ती हसली, कारण बाबा पुढे गेले होते आणि आज त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"चल, तुला आतली खोली दाखवते," हर्षदकाकांची मुलगी म्हणाली. तिचं नाव रुचिरा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या प्रश्नावर फक्त तीच मनापासून हसली होती. मी टुणकन उठले. याच खोलीच्या मधोमध भिंत घालून अर्धी मला द्यायची, असं बाबांनी कागदावर काढून दाखवलं होतं. टेबल कुठे, पलंग कुठे, सगळं.

खोलीत शिरले आणि पहिल्यांदा दिसला तो टेकू. लोखंडी, गंजका, जमिनीपासून छतापर्यंत, बरोब्बर खोलीच्या मधोमध. त्याला रुचिराची कॉलेजची बॅग टांगलेली.

"स्लॅब खाली येतोय थोडासा," ती म्हणाली. "सवय होते. मी याला धरूनच उभी राहायला शिकले असं आई सांगते."

भिंतींना लागून खोकी. एकावर एक, माझ्या खांद्यापर्यंत. प्रत्येकावर पेनाने लिहिलेलं आणि शाई तपकिरी झालेली. स्वयंपाकघर एक. स्वयंपाकघर दोन. काचेची भांडी. रुचिरा खेळणी.

"निघालात की तुम्ही," मी म्हटलं. "पॅकिंग पण झालं."

"मी बालवाडीत होते तेव्हा झालं ते." ती खोक्यावर बसली. "बिल्डरने सांगितलेलं, तीन महिन्यांत घरं खाली करा, सोसायटी पाडून टॉवर बांधायचाय. मग तो बिल्डर गायब झाला. मग दुसरा आला, परत सगळ्यांच्या सह्या. आता तिसरा आहे."

"मग उघडायची ना खोकी."

"आणि परत कोण भरणार?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. ती 'रुचिरा खेळणी'वर हात फिरवत होती. "यात माझी भातुकली आहे. मला आता आठवत पण नाही कशी होती."

तेवढ्यात बाल्कनीकडून वारा आला आणि खोलीचं दार धाडकन लागलं.

मी कडी ओढली. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढली.

"ओढू नको, टेकू हादरतो," रुचिरा शांतपणे म्हणाली. "चौकट फुगलीय. बाहेरून खालच्या कोपऱ्यात लाथ घालावी लागते. आठवड्यातून दोनदा तरी होतं."

"मग सुताराला का नाही बोलावत?"

"सभेत ठरलंय, कोणी घरात नवीन काम काढायचं नाही. वरच्या काकांनी नव्या लाद्या घातल्या आणि मग सही करेनात, म्हणाले माझा खर्च आधी द्या. तेव्हापासून बंदी. दार नाही, रंग नाही, खिळा ठोकला तरी सेक्रेटरी येतो. पाडायचंच आहे ना."

"पण मग आमची भिंत?"

"कसली भिंत?"

मी टेकूकडे बघितलं. तिनेही बघितलं.

खिडकीला जाळी होती आणि जाळीबाहेर गळती थांबवायला बांधलेली निळी ताडपत्री. सगळ्या खोलीत निळा उजेड, मी आणि खोकी त्यात बुडाल्यासारखी. श्वास घेतला की पुठ्ठ्याचा वास यायचा. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि दारावरच्या उघड्या झडपेतून आईचा आवाज आला.

"भिंत तेवढी परीक्षेच्या आत झाली पाहिजे. पोर मशीनच्या आवाजात किती वर्षं वाचणार?"

मग हर्षदकाका घसा साफ करत म्हणाले, "वहिनी, भिंत घालता येणार नाही हे मी हरेश्वररावांना सांगितलं होतं. गेल्या रविवारी ते एकटे आले होते तेव्हा."

"तुम्ही आला होता?" आईने बाबांना विचारलं.

"अगं, होणार आहे सगळं," बाबा म्हणाले. "नव्या इमारतीत तिची वेगळी खोली आहेच. दोन वर्षांचा प्रश्न."

"तीन धरा," निमेशभाई म्हणाले.

"तीन. तोपर्यंत ती आपली बाल्कनीत बसेल. तिला आत्ता काही बोलू नका, दहावीचं वर्ष आहे. आणि मी हे कोणासाठी करतोय? माझं काय, मी कुठेही झोपतो. तिच्यासाठीच चाललंय ना सगळं."

आईच्या हातातली पिशवी सळसळली. तिच्यासाठी म्हटलं की वाद तिथेच संपतो.

चारशे मुलांपुढे घडाघडा बोललेली मी, आणि मला साधी हाक मारता येईना. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की मी ऐकतेय. गप्प राहिले असते तर सही झाली असती. रुचिरा माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर दया वगैरे नव्हती. रांगेत मागे येऊन कोणी नवीन उभं राहिलं की आपण जसं जरा पुढे सरकतो, तशी ती खोक्यावर सरकली आणि मला बसायला जागा केली.

मी बसले नाही.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद झाली, मग गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरला. यादी लागली की बाबांना बघायला पाठवायचे. बाबा तेव्हा कॉलेजात होते, मग नोकरीला लागले, मग त्यांचं लग्न झालं. दर वेळी जायचे आणि नाव नाही म्हणून परत यायचे. आजोबा गेले तेव्हा फॉर्मची पावती त्यांच्या उशीखाली होती. ही गोष्ट बाबाच सांगतात, दर वर्षी, दात खात. म्हणतात, माणसाचं अख्खं आयुष्य खाल्लं त्या यादीने. आणि तेच बाबा आता दाराच्या पलीकडे सही करायला बसले होते, तसल्याच एका यादीत माझं नाव घालायला. त्यांना ते दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल, पण घर घ्यायला निघालेल्या माणसाला एकदा लादी आवडली की छत दिसत नसावं. मलाही कुठे दिसलं होतं.

"काढू बाहेर?" रुचिराने हळू विचारलं.

मी मान डोलावली. तिने दारावर तीन थापा मारल्या. त्यांच्या घरातली ती खूण असणार, कारण हर्षदकाका लगेच आले. लाथ बसली, दार उघडलं, छतातून चिमूटभर माती माझ्या केसांवर पडली.

बाहेर टेबलावर टोकनचा चेक होता. निमेशभाईंनी तो उडू नये म्हणून बशी ठेवलेली. बाबांच्या हातात पेन, टोपण काढलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खूप आनंदाने विचारलं, "काय गं, आवडली खोली?"

त्यांच्या त्या आनंदाचीच मला सगळ्यात भीती वाटली. आई माझ्याकडे बघत नव्हती, मांदेलीची पिशवी घट्ट धरून बसली होती.

"झडप उघडी आहे बाबा," मी म्हटलं. "सगळं ऐकू येतं आत."

बाबांचा चेहरा हळूहळू उतरला. "कल्पिता, घरी गेल्यावर बोलू."

"नाही, इथेच." केसांतली माती न झटकता मी टेबलापाशी आले. "मी खोली मागणं सोडलं. दहावी मी दहिसरलाच करणार, आईच्या मशीनशेजारी बसून, आणि अकरावी-बारावीपण तिथेच. आई, तू मशीन थांबवायचं नाहीस. बाबा, हे घर तुम्हाला हवं असेल तर खुशाल घ्या, सही करा, मी अडवत नाही. पण ते माझ्यासाठी घेतलं असं म्हणायचं नाही, मला नाही, आईला नाही, कोणालाच नाही."