फवारे बेशुद्ध कधी पडले

अठरा वर्षं मी शेतांवर औषध फवारणारं विमान चालवलं. त्यात एकच खुर्ची. हवेत माझ्याशी कोणी बोललं नाही आणि माझंही काही अडलं नाही. मग तेच काम ड्रोन करायला लागले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी प्रवासी विमानाचं शिक्षण घ्यायला आलो. इथे दोन खुर्च्या. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

शेजारच्या खुर्चीत चोवीस वर्षांची मुलगी. सारखी बोलायची, म्हणून मी तिचं नाव टिटवी ठेवलं. ती मला काका म्हणायची, म्हणजे फिट्टंफाट. आणि आम्हाला शिकवणारे मास्तर मला फवारे म्हणत.

मास्तरांचा नियम असा. एकाने विमान चालवायचं, दुसऱ्याने आकड्यांवर नजर ठेवायची. त्याने ‘वेग कमी’ म्हटलं की चालवणाऱ्याने ‘ऐकलं, वाढवतो’ म्हणायचं. दोनदा सांगून उत्तर आलं नाही, तर चालवणाऱ्याला काहीतरी झालंय असं धरून दुसऱ्याने ‘विमान माझ्याकडे’ म्हणायचं आणि ताबा घ्यायचा.

आता मला सांगा, तो आकडा दोघांनाही दिसतोय. मग त्याचा जप कशाला? ती सांगायची, मी गुपचूप वेग वाढवायचो. काम झालं की नाही? तर मास्तर दोन आठवडे कानीकपाळी ओरडत होते, “फवारे, तोंड उघडा!” उतरवणं सुरेख म्हणायचे आणि गुण कापायचे. स्तुती करतात की हजेरी घेतात, मला काही उमजत नव्हतं. टिटवी मात्र शहाणी. माझ्याकडून उत्तर येत नाही म्हटल्यावर तीच प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगायला लागली.

परीक्षेच्या दिवशी ती पांढरीफटक पडली होती. आधी एकदा दुसऱ्याच जोडीदाराबरोबर नापास झाली होती. आता पुन्हा नापास झाली असती तर कायमची घरी.

सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानाच्या, खोलीबाहेर मास्तरांनी मला बाजूला घेतलं. “उतरताना मी मागून तुमच्या खांद्यावर हात ठेवीन. तिथून तुम्ही बेशुद्ध. बोलायचं नाही, हलायचं नाही. तिने ओळखून ताबा घ्यायला हवा. तिला सांगू नका.”

मला हायसं वाटलं. बोलायचं नाही, एवढंच ना? हे तर आपल्याला झोपेतही जमेल.

उतरताना खांद्यावर हात पडला. मी हात जिथे होते तिथेच ठेवले आणि समोर बघत राहिलो.

“वेग कमी, काका,” टिटवी म्हणाली. थोड्या वेळाने, “वेग कमी.” मग पुन्हा, “काका, वेग.”

मी मनात म्हणत होतो, घे बाई, घे आता. ती माझ्याकडे बघून विश्वासाने हसली आणि परत आकडे वाचायला लागली. धोक्याचा इशारा देणारं यंत्र ओरडायला लागलं तेव्हा तिने झडप घातली, पण उशीर झाला होता. पडद्यावर जमीन आली, खोली हादरली आणि दिवे लागले.

“ताबा का नाही घेतलास?” मास्तरांनी विचारलं.

“काका असेच असतात, सर,” ती म्हणाली. “शेवटच्या क्षणी बरोबर करतात. मला वाटलं, आताही...” आणि तिला रडू फुटलं.

मी म्हणालो, “सर, चूक माझी आहे. तिला नापास करू नका.”

“फवारे, नुसतं तुमच्या म्हणण्यावर मी काही लिहू शकत नाही.” त्यांनी दोघांचे कागद टेबलावर ठेवले. “रेकॉर्डिंग लावतो. यंत्र ओरडायच्या आधीची सहा मिनिटं. फक्त आवाज. तुम्ही जिथे बेशुद्ध पडलात तिथे हात वर करा. तुम्हाला ओळखता आलं, तर तिलाही यायला हवं होतं, ती नापास. नाही आलं, तर नापास तुम्ही.”

मी तिथल्या तिथे ठरवलं की मुद्दाम चुकीच्या जागी हात वर करायचा. पोरीचं आयुष्य मार्गी लागू दे. मी काय, करीन दुसरं काहीतरी.

रेकॉर्डिंग सुरू झालं. “उंची बघा, काका.” शांतता. “उंची.” शांतता. “चाकं खाली केली, काका.” शांतता. “वेग कमी.” शांतता. ती विचारत होती, सांगत होती, आणि पलीकडे माणूस आहे की नाही याचा पत्ता नव्हता. मला लाज वाटायला लागली. एवढी लाज मला आजवर कशाचीच वाटली नव्हती.

आणि वर हा घोळ. खोटी जागा दाखवायची, तर खरी कुठली ते आधी कळायला हवं ना! पहिल्या ‘वेग कमी’च्या वेळी मी बेशुद्ध होतो की शुद्धीत? मी कान टवकारले, डोळे मिटले, खांद्यावरचा तो हात आठवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. रेकॉर्डिंग संपत आलं. मग खोटं-खरं सोडून, मनापासून वाटलं तिथे हात वर केला.

मास्तरांनी ते थांबवलं आणि हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेली, खांद्यावर हात ठेवल्याची वेळ पाहिली.

“इथे तुम्ही ठणठणीत होतात, फवारे,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझा कागद पुढे ओढला.